एक रील, अनेक हात
(‘मिस मक्लाउड्स रील’: माहितीपटाचं निवेदन)

[पडदा काळा. फक्त फिडल, म्हणजे व्हायोलिन. पहिली चार आवर्तनं, संथ लयीत.]

आत्ता ऐकलंत ते सरगममध्ये असं बसतं. पट्टी तुमच्या सोयीची घ्या.

सा ऽ ग सा, प सा ग सा.
ग ऽ ग रे, ग म ग रे.
मग पहिली ओळ परत.
आणि चौथी: रे ऽ रे सा, रे म ग रे.

ही ‘मिस मक्लाउड्स रील’. आयर्लंडमध्ये टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, किंवा फिडल नव्याने हातात घेतलेल्यांना सुरुवातीला ज्या चाली शिकवतात, त्यांत ही बहुधा असतेच. त्यामुळे काही मुरलेले वादक हिचं नाव निघालं की नाक मुरडतात. नवशिक्यांची चाल म्हणे! पण पट्टी, वाद्य आणि गाव बदललं की रील कशी बदलते हे समजून घ्यायचं असेल, तर हिच्याइतकी सोयीची चाल सापडायची नाही. कारण हिचा सांगाडा इतका साधा आहे, की वर काय चढवलंय ते लगेच कळतं.

रील म्हणजे नाचाची चाल. मोबाईलवरच्या रीलशी तिचं काही नातं नाही. आठ जलद सुरांचं एक आवर्तन, आठ आवर्तनांचा एक भाग. असे दोन भाग, प्रत्येक दोनदा. एकूण 32 आवर्तनं झाली की चाल एकदा वाजून झाली.

[रासे बेटाचा किनारा, मागे स्कायचे डोंगर.]

आयरिश वादकांची ही लाडकी रील मुळात स्कॉटलंडची. स्काय बेटाच्या शेजारी रासे नावाचं चिंचोळं बेट आहे. तिथे मक्लाउड घराण्याची सत्ता होती. 1773 मध्ये इंग्रज लेखक डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचे चरित्रकार जेम्स बॉस्वेल या घराण्याकडे पाहुणे म्हणून उतरले होते. संध्याकाळी दिवाणखान्यातला गालिचा गुंडाळला गेला, वादकाला बोलावणं गेलं आणि सगळी मंडळी नाचायला उभी राहिली, असं जॉन्सनने लिहून ठेवलंय. त्या रात्री नेमकं काय वाजलं असेल, हे कुणी सांगू शकत नाही. पण अशा घरांतून आणि अशा नाचांतूनच या चाली पुढे गेल्या. 1809 मध्ये एडिंबराच्या गो या वादक-प्रकाशक घराण्याने आपल्या पाचव्या संग्रहात ही रील छापली. नाव होतं ‘मिसेस मक्लाउड ऑफ रासे’.

स्कॉटलंडमध्ये त्या अजूनही मिसेसच आहेत. समुद्र ओलांडून आयर्लंडला पोचेपर्यंत बाई मिस झाल्या. अमेरिकेच्या दक्षिणेत गेल्यावर तर मक्लाउडही गळालं आणि हीच चाल ‘हॉप हाय लेडीज’ म्हणून बँजोवर वाजू लागली. 1903 मध्ये शिकागोत फ्रान्सिस ओ’नील यांनी 1850 चालींचा जाडजूड संग्रह काढला, त्यातही ती आहे. ओ’नील मूळचे कॉर्क परगण्याचे, आणि त्या वेळी शिकागोच्या पोलीस दलाचे प्रमुख. आयरिश संगीताचं त्या काळातलं सगळ्यात मोठं छापील दप्तर एका पोलीस अधिकाऱ्याने तयार करावं, हेही एक नवलच.

[हायलँड बॅगपाइप, मग लगेच टिन व्हिसल.]

आता पट्टीकडे या. स्कॉटिश वादक ही रील ए मध्ये वाजवतात, म्हणजे ए या पाश्चात्य सुराला सा धरून; आयरिश वादक जी मध्ये. वरवर पाहता सा एका सुराने खाली आला, एवढंच. पण हातांच्या दृष्टीने सगळं उलटंपालटं झालं.

हायलँड बॅगपाइपला मोजके नऊ सूर, आणि त्याचा सा ए वर. तिथे चाल हातमोज्यासारखी बसते; नी लागलाच तर तो कोमल लागतो. फिडलवरही ए सोयीचा. सा म्हणजे मोकळी तार, प म्हणजे तिच्या वरची मोकळी तार. दोन्ही घुमत राहतात, खोली भरून जाते. माइक नसलेल्या काळात नाचणाऱ्यांच्या पायांच्या आवाजावर मात करायची असेल, तर असा घुमणारा सूर हवाच.

आयर्लंडमधली साधी बासरी आणि टिन व्हिसल मात्र बहुतेक डी च्या. त्यांवर ए चा शुद्ध नी, म्हणजे जी शार्प, सहज मिळत नाही. छिद्र अर्धं झाकून काढावा लागतो आणि रीलच्या वेगात तेवढी उसंत कुणाला आहे? जी मध्ये ती अडचणच नाही. वरची तीन छिद्रं झाकली की सा तयार. चाल कुठे राहते, हे असं लाकडातली छिद्रं ठरवतात.

आणि इथून खरी गंमत सुरू होते, कारण पट्टी बदलली की अलंकारही बदलतात.

[फिडलचा डावा हात, अगदी जवळून. तिसरं बोट डी तारेवर.]

आयरिश वादनाचा मुख्य अलंकार म्हणजे रोल. एकच सूर, पण मधे दोनदा खुडलेला: सा, वरचा निसटता कण, परत सा, खालचा निसटता कण, परत सा. वरच्या आणि खालच्या कणाला स्वतःचा असा सूर नसतो. तो कानाला ठेच लागल्यासारखा जाणवावा. रे स्पष्ट ऐकू आला तर रोल फसला. व्हिसलवर वरच्या कणासाठी डाव्या हाताचं बोट क्षणभर उचलायचं आणि खालच्यासाठी उजव्या हाताची तर्जनी छिद्रावर टपकन आपटायची.

पहिल्या ओळीत सा दोनच मात्रांचा आहे, तिथे पूर्ण रोल मावत नाही. मग वादक काय करतात? एक सूर सोडून देतात. ‘सा ऽ ग सा’ ऐवजी ‘सा ऽ ऽ ग’. तीन मात्रा मिळाल्या, रोल ऐसपैस बसला. छापील पानाशी ताडून पाहाल तर सूर गाळलाय. ऐकणाऱ्याला मात्र चाल भरल्यासारखी वाटते.

[तीच ओळ: आधी साधी, मग रोलसह.]

हाच रोल ए पट्टीत फिडलवर करून बघा. सा तिथे मोकळी तार आहे. मोकळ्या तारेच्या खाली त्याच तारेवर सूरच नाही, मग खालचा कण आणणार कुठून? म्हणून तिथे काम डाव्या हाताकडून उजव्याकडे जातं. गज आखूड, झटक्यात तीनदा फिरवायचा: एकाच सुराचे तीन तुकडे. स्कॉटिश फिडलमध्ये हे जागोजाग ऐकू येतं. आयर्लंडच्या वायव्य टोकाला, डोनेगलमध्येही हाच बाज आहे: प्रत्येक सुराला गज वेगळा, सूर तुटक आणि धारदार. डोनेगलची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हंगामी मजुरीला स्कॉटलंडला जात होती. जाताना चाली नेल्या, येताना आणल्या.

तिथून थोडं दक्षिणेला, स्लायगो परगण्यात, सगळा रंग वेगळा. फिडलवादक मायकल कोलमन 1914 साली तिथून अमेरिकेला गेला आणि 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या. चपळ, हलका हात, रोलांची पखरण. त्या तबकड्या परत आयर्लंडला आल्या आणि गावोगावच्या फिडलवाल्यांनी त्या घोकल्या. त्यातून उत्तम वादक घडले हे खरं. पण कित्येक गावांची स्वतःची ढब त्यात पुसट झाली, हेही तितकंच खरं. क्लेअर परगण्यात लय जरा सैल सोडतात, सुरांच्या जोडीतला पहिला किंचित रेंगाळतो. बँजोला दम नाही, सूर टिकत नाही. म्हणून बँजोवाला ‘ग ऽ’ दिसला की तिथे तीन फटके मारून जागा भरतो.

मग शिकणाऱ्याने यांतलं कुठलं रूप घ्यावं? आमचं स्पष्ट मत: एकच. एक वादक निवडा आणि त्याची चाल जशीच्या तशी उचला, त्याच्या श्वासाच्या जागांसकट. तीन रूपांतले आवडते तुकडे जोडून केलेली गोधडी कागदावर देखणी दिसते, पण वाजवताना जोड कळतात. डोनेगलचा तुटक गज आणि क्लेअरची सैल लय एका श्वासात नांदत नाहीत. एक रूप हाडात मुरलं, की बदल आपोआप सुचू लागतात: एखाद्या फेरीला वरच्या प ऐवजी खालचा, एखाद्या फेरीला रोलच नाही, नुसता लांब सा.

आणि अलंकारांच्या आधी लय. रोल न येता रील वाजवता येते. लय नसताना कितीही रोल घाला, कुणी नाचणार नाही.

[पबमधली बैठक. फिडल, बासरी आणि कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरायची छोटी भात्याची पेटी.]

एक अडचण मात्र सगळ्यांनाच येते: थांबायचं कुठे? चौथी ओळ आठवा, ती रे वर संपते. भागाच्या शेवटीही चाल अशीच लोंबकळत राहते आणि सा मिळवायला परत सुरुवातीलाच जावं लागतं. नाचासाठी हे वरदान, कारण चाल स्वतःच पुढच्या फेरीला ढकलते. थांबायचंच असेल तर शेवटी एक लांब सा पदरचा जोडायचा. बैठकीत बहुतेक जण तेही करत नाहीत; तो लोंबता रे पकडून थेट दुसऱ्या रीलमध्ये शिरतात.

बैठकीत एकाच वेळी चार जणांची चार रूपं वाजत असतात. कुणी वरचा प घेतो, कुणी खालचा, कुणी रोलसाठी सूर गाळतो. मुख्य ठोक्यांवर सगळे भेटले की झालं. मधली खडखड कुणाला खटकत नाही. पट्टी मात्र चाल सुरू करणाऱ्याची. त्याने जी धरली आणि तुमचा हात ए वर बसलेला असेल, तर वाद्य मांडीवर ठेवा आणि ऐका. साधारण तीन फेऱ्यांनी तो मान वर करून इतरांकडे बघेल. पुढची रील लागणार, याची ती खूण.