स्टेजवरचा टँगो, खांबाआडून

मंडळी, मी बारा वर्षं टँगो नाचतोय, आणि ब्युनोस आयर्सला पहिल्यांदा गेलो तेव्हा टँगोचा डिनर शो, म्हणजे जेवता जेवता बघायचा स्टेज शो, बघायचा नाही हे ठरवूनच गेलो होतो. आपल्या नाचणाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की शो टुरिस्ट लोकांसाठी, खरा टँगो मिलोंगात, म्हणजे जिथे सगळे स्वतः नाचायला जमतात तिथे. पण सोबत ताई आणि भावजी होते, त्यांना बघायचाच होता, मग तिथल्या सान तेल्मो भागातल्या एका ठिकाणी गेलो.

टेबल मिळालं ते अगदी कडेचं, समोर खांब, अर्धं स्टेज दिसेना. पैसे पूर्ण भरलेले, वैताग आला. स्टेक आला, माल्बेक वाईन आली, दहाच्या सुमारास दिवे गेले आणि कळलं की वादक माझ्यापासून चार हातांवर आहेत.

बांदोनेओन, म्हणजे टँगोतलं ते भात्याचं, अकॉर्डियनसारखं वाद्य, इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. गुडघ्यावर काळं कापड, त्यावर ते वाद्य, ७१ बटणं, आणि भाता उघडताना एक सूर तर मिटताना त्याच बटणाला बहुतेक वेळा दुसराच. तिकडे त्याला लाडाने फुएये म्हणतात, म्हणजे भाताच. वाजवणारा माणूस जोराच्या ठोक्याला टाच उचलून गुडघा खाली आपटत होता, आणि सूर सुरू व्हायच्या आधी हवा आत ओढल्याचा बारीक आवाज येत होता. मिलोंगात आपण बहुतेक १९३०-४० च्या दशकांतल्या रेकॉर्डवरच नाचतो ना, त्यात हा श्वास असतो पण कानाला सापडत नाही.

आता नाचाबद्दल. स्टेजवर पाय डोक्याएवढे जातात, गांचो म्हणजे जोडीदाराच्या पायात पाय अडकवणं, लिफ्ट, सगळं प्रेक्षकांकडे तोंड करून. मिलोंगात असं केलं तर शेजारच्या जोडीला लागेल, तिथे सगळे घड्याळाच्या उलट दिशेने, दाटीवाटीने फिरत असतात. आपल्याकडे बैठकीची लावणी आणि फडाची लावणी यांना एकच माप लावत नाही, तसंच हे आहे असं मला मनापासून वाटतं. आणि एक विसरू नका, १९८३ ला पॅरिसमध्ये आणि १९८५ ला ब्रॉडवेवर जो टँगोचा शो गेला, ज्यात हुआन कार्लोस कोपेस आणि मारिया निएवेस ही नावाजलेली जोडी नाचली, त्यानंतर जगभर लोक परत टँगो शिकायला लागले. आपण पुण्यात बसून शिकलो त्याचा धागा कुठेतरी तिथेच जातो.

त्या रात्रीचं सगळ्यात सुंदर काय होतं सांगू? शेवटाकडे एक साठीतली जोडी आली, एकही पाय वर गेला नाही, नुसतं चालणं, आणि मध्येच व्हायोलिन लांबलं तेव्हा ती बाई एका पायावर थांबली, दुसऱ्या पायाचं टोक जमिनीवर हळूच फिरवलं आणि तो तिची वाट बघत उभा राहिला. आजूबाजूची टेबलं फोनवर होती, तिथे टाळ्या पडल्या नाहीत. तो थांबा किती अवघड आहे हे नाचणाऱ्यालाच कळतं, आणि म्हणून मी म्हणतो की नाचणाऱ्याने तर जायलाच हवं.

साडेबाराला ताई-भावजींना हॉटेलवर सोडलं आणि मी मिलोंगात गेलो. पुग्लिएसेच्या ऑर्केस्ट्राची ताँदा, म्हणजे सलग वाजणाऱ्या काही गाण्यांचा संच, लागली, पलीकडून एका आजींनी नजर दिली, मी मान हलवली, नाचायचं आमंत्रण तिथे असंच असतं. मिठी घेतली आणि पहिल्या ठोक्याआधी थांबलो. रेकॉर्डच्या खरखरीमागे भाता उघडत होता.