माल उतरतो, रिकामी गाडी चढते: पिकअपचा ट्रॅक्शन बार निवडताना

(वाशी येथे पिकअपमालक आणि चालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. समोरचे बरेच चेहरे बाजार आवारातले दिसताहेत. पहाटे गाळ्याला गाडी लावून माल खाली करायचा, आणि रविवारची दुपारची झोप मोडून कमानपाट्यांवर व्याख्यान ऐकायला यायचं, याला माया लागते. आधी एक विचारतो. आरसीवर लिहिलंय तेवढाच माल जे भरतात त्यांनी हात वर करा. (हशा) मागे एक हात दिसतोय. दादा, नवीन गाडी का? (हशा) असू दे. हसताय म्हणजे विषय कुणाला समजावून सांगायला नको.

पत्रिकेवर छापलंय, ‘पिकअपसाठी ट्रॅक्शन बार कसा निवडावा’. ट्रॅक्शन बार म्हणजे मागच्या अॅक्सलला पिळू न देणारा दांडा. त्यावर मी येणार आहे. पण माझं एक म्हणणं आहे आणि ते आज मांडल्याशिवाय मी खाली बसणार नाही. आपल्याकडे बार बघितला जातो तो अमेरिकेतल्या शर्यतींचे व्हिडिओ बघून. तिकडे गाडी सरळ सपाट पट्टीवर उभी असते, दिवा हिरवा झाला की सुटायचं, एवढंच तिचं काम. आपली गाडी काय करते? जुन्नर, ओतूर, नारायणगावचा माल भरून माळशेज उतरते, मुरबाड, कल्याण, शीळफाटा, महापे करत तुर्भ्याच्या बाजारात येते, आणि रिकामी होऊन तोच घाट चढते. भरलेली असताना ब्रेक, रिकामी असताना रेस, म्हणजे अॅक्सिलरेटर. कुठलाही बार समोर आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: हा ब्रेकला काम करतो का? रंग कुठला, कंपनी कुठली, हे मागाहून.

आता पाटे, म्हणजे अॅक्सल आणि चेसिस यांच्यामधल्या पोलादी कमानी, काय करतात ते बघू. ही पोलादी फूटपट्टी बघा. दोन्ही टोकं दोन बोटांवर ठेवली आणि मधे दाबलं, की ती वाकते. हे तिचं खरं काम, वजन झेलणं. टांग्याला, बग्गीला याच कमानी होत्या आणि तिथे त्यांचं भागत होतं, कारण घोडा पुढून ओढायचा, चाक नुसतं फिरायचं, आसाला पीळ नव्हता. मोटार आली आणि आसालाच ताकद मिळाली. मागचं चाक पुढे ढकलायला लागलं की अॅक्सलचं हाउसिंग, म्हणजे आसावरचं कवच, उलट्या दिशेने फिरायला बघतं. त्याला धरून कोण ठेवतं? पाटेच. हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते. वजन पाट्यांनी घ्यायचं, अॅक्सल जागेवर पाट्यांनी ठेवायचा आणि पीळही पाट्यांनीच सोसायचा. स्वस्त आणि साधी, म्हणून मालवाहू गाडीत ती अजून टिकून आहे. आता पट्टी मधे चिमटीत धरून पिळतो. पुढचा अर्धा भाग वर फुगला, मागचा खाली बसला, नागमोडी आकार आला. तुमच्या पाट्याचं हेच होतं. पिनियनचं नाक, म्हणजे हाउसिंगचं प्रोपेलर शाफ्टला जोडलेलं पुढचं टोक, वर उचललं जातं. ब्रेक मारला की उलट, नाक खाली जातं.

किती पीळ? सोपे आकडे धरू. इंजिनाचा टॉर्क 200 न्यूटन मीटर, पहिला गिअर 4 पट, मागच्या अॅक्सलमधला क्राउन-पिनियन 4 पट. 200 गुणिले 16 म्हणजे 3200. मीटरभर लांबीच्या पान्याच्या टोकाला सव्वातीनशे किलो टांगले तर जो जोर पडेल, तेवढा. क्लच सोडताना हे सगळं दोन कमानींवर येतं.

आता एका पोराची गोष्ट सांगतो, कारण ती माझ्या मनातून जात नाही. ओतूरकडचा, घरची एकच पिकअप, हप्ते चालू. कळंबोलीला माझ्या शेडमध्ये आला तेव्हा चेहरा पार उतरलेला. म्हणाला, ‘काका, रिकामी चढताना मागून धडधड होते, आणि भरून उतरताना पायाखाली गुरगुर. सगळं बदललं, आवाज जात नाही.’ सगळं म्हणजे काय? एका गॅरेजने क्लच प्लेट टाकून दिली. दुसऱ्याने इंजिनाची ताकद मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट बॅलन्स केला, त्याचे दोन्ही क्रॉस, म्हणजे सांधे, नवीन. तिसऱ्याने इंजिनाच्या माउंटिंगा बदलल्या आणि वर सांगितलं की तुला क्लच सोडता येत नाही. हे ऐकून माझं डोकं फिरलं. पोरगा घाटात वाढलेला, क्लच त्याला शिकवायचा? एकानेही गाडीखाली झोपून, क्लच सुटताना अॅक्सल काय करतो ते पाहिलेलं नव्हतं.

मी काय केलं? काही अवघड नाही, तुम्हीही करू शकता. हाउसिंगवर पिनियनच्या बाजूला खडूची रेघ मारली, समोर चेसिसवर दुसरी. मोबाइल व्हिडिओ चालू करून चेसिसच्या आडव्या पट्टीला दोरीने बांधला. पुढच्या चाकांना भक्कम ओट (चाक अडवणारा ठोकळा) लावली, गाडीखाली माणूस नाही याची खात्री केली, आणि त्याला म्हणालो, पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा सोड आणि परत दाब. व्हिडिओ लावून त्याच्या हातात दिला. खडूची रेघ दोन बोटं वर जात होती, आणि क्लच दाबला की सटकन खाली. प्रोपेलरचा मागचा क्रॉस त्या क्षणी ज्या कोनात जात होता, त्या कोनात नवा क्रॉससुद्धा गुरगुरणारच. पोराने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग खाली शिरून, पाटे अॅक्सलला आवळून धरणाऱ्या यू बोल्टच्या नटाला पाना लावला, तर नट हाताच्या जोराने फिरला. पाटे मधे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एका बाजूने घासून चकचकीत झालेलं, म्हणजे पाटे आपसात सरकत होते. मेन पाट्याला पुढच्या डोळ्याजवळ, म्हणजे चेसिसला अडकणाऱ्या गोल टोकाजवळ, केसाएवढी चीर. हाच पाटा भरल्या गाडीत माळशेजच्या उतारावर तुटला असता तर? पुढचा डोळा गेला की त्या बाजूला अॅक्सलला पुढून धरणारं काहीच उरत नाही. मी त्याला गाडी चालवत परत नेऊ दिली नाही.

आणि त्या पाट्यांच्या खाली काय होतं, तर एक जादा पाटा! ‘माल जास्त बसतो’ म्हणून कुणीतरी टाकून दिलेला. मंडळी, या जादा पाट्यावर माझा जुना राग आहे. गाडी बसत नाही असं दिसतं, म्हणून आपण आणखी भरतो. पण ब्रेक तेवढेच, टायर तेवढेच, हाउसिंग तेवढंच. शिवाय रिकामी गाडी लाकडासारखी कडक होते. पावसात रिकामी गाडी घाट चढताना मागे वजन नाही, टायर घसरतो, पिळलेला पाटा सुटतो, टायर परत पकडतो, पाटा परत पिळतो. हे सेकंदात अनेकदा होतं, तीच ती धडधड. इंग्रजीत तिला व्हील हॉप म्हणतात. मुंब्रा बायपासच्या चढावर पावसात ट्रॅफिक थांबून परत सुटतं, तेव्हा शेजारच्या रिकाम्या पिकअपचं मागचं चाक बघा, नाचताना दिसेल.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं राहिली. बरं, आता बार. भरभर सांगतो, लिहून घ्या.

बाजारात ढोबळ मानाने तीन जाती. पहिली, स्लॅपर. पाट्याच्या खाली यू बोल्टला अडकवलेली पट्टी, पुढच्या टोकाला रबरी ठोकळा. रेस दिली की नाक वर येतं, ठोकळा डोळ्याजवळ पाट्याला टेकतो आणि पीळ थांबतो. ब्रेकला नाक खाली जातं, ठोकळा मोकळा, काम शून्य. स्वस्त आहे, लावायला सोपी आहे, शर्यतीला चांगली आहे. घाट उतरणाऱ्या गाडीला मी ती देत नाही.

दुसरी, लॅडर बार. अॅक्सलवर दोन ठिकाणी पकड, पुढे चेसिसवर एक टोक. ही दोन्ही दिशांना काम करते. पण पुढचं टोक शॅकलवर, म्हणजे हलत्या कडीवर, झुलतं हवं. कारण कमान दबली की लांब होते, मागचा शॅकल तिला जागा देतो, आणि अॅक्सल वर जाताना थोडा मागेही सरकतो. बारची दोन्ही टोकं घट्ट बांधली तर अॅक्सल अडकतो, मग सांध्यातला रबरी बुश फाटतो नाहीतर चेसिसवरचा ब्रॅकेट उपटतो. लांबी जितकी जास्त तितका पुढच्या टोकावरचा जोर कमी. मघाचे सव्वातीनशे किलो मीटरभराच्या दोन बारांवर वाटले तर प्रत्येकाच्या टोकाला साधारण 163 येतात. बार अर्ध्या मीटरचे केले की दुप्पट. म्हणून आखूड, गुटगुटीत बार दिसला की पुढे चला.

तिसरी, एकच लांब नळी. अॅक्सलच्या खाली ब्रॅकेट, तिथून पुढे चेसिसपर्यंत, दोन्ही टोकांना फिरता सांधा. रेसला ही दबते, ब्रेकला ताणली जाते, म्हणजे हीसुद्धा दोन्हीकडे चालते. पाट्यापासून नळीचं अंतर 20 सेंटीमीटर धरलं तर एकेका नळीवर आठशे किलोच्या वर दाब येतो, म्हणून नळी वाकणार नाही इतक्या व्यासाची हवी. बारीक आणि भरीव सळईपेक्षा जाड व्यासाची पोकळ नळी बरी. शक्यतो पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागाला समांतर बसवा. ब्रॅकेट जास्त खाली नेला तर नळीवरचा दाब कमी होतो, पण आपले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. ब्रॅकेटचं जमिनीपासूनचं अंतर मोजायचं ते भरलेल्या गाडीत.

सांध्याला रबर किंवा पॉलियुरेथेनचा बुश घ्या. शर्यतीच्या गाडीतला उघडा लोखंडी गोळा चिखलात आणि खाडीच्या खाऱ्या हवेत लवकर खडखडायला लागतो. हाउसिंगवर वेल्डिंग नको. उष्णतेने हाउसिंगची नळी वाकते, मग ऑइल सील गळतं, बेअरिंग जातं. बोल्टने आवळायचा ब्रॅकेट मागा. चेसिसला भोक पाडायचंच झालं तर उभ्या भिंतीत, वरच्या-खालच्या पट्टीत कधीच नाही. ब्रेकची पाइप आणि एलएसपीव्हीचा (ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हचा) दांडा मोकळा फिरतोय ना, हे हाताने हलवून बघा. मालाच्या वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा जोर तो दांडा ठरवतो.

मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. आरसीवरचा तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि तुमच्या गाडीला फिटनेस लागतो. बार घेण्याआधी आरटीओत विचारा, लेखी घ्या, विमा कंपनीलाही कळवा. लावून झाल्यावर विचारत बसलात आणि दरम्यान अपघात झाला, तर क्लेमचं भांडण तुमच्या दारात येतं.

त्या ओतूरच्या पोराला मी बार विकलाच नाही. मेन पाटा नवीन, सेंटर बोल्ट नवीन, यू बोल्ट नवे, बुश नवे, जादा पाटा काढून टाकला. खडूची रेघ परत मारून बघितली, बोटभरही हलत नव्हती. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचं काम इथेच भागेल. हे सगळं ठीक असूनही रेघ उड्या मारत असेल, तेव्हाच बार.

शेवटचं, कारण अध्यक्ष उभे राहिलेत. बार बसवताना गाडी जॅकवर लटकलेली असताना बुशचे बोल्ट फायनल आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पाट्यांवर, मग आवळा. नाहीतर बुश पहिल्या दिवसापासून पिळलेला राहतो. आणि आठवडाभर गाडी चालली की यू बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासून घ्या, भरलेल्या गाडीत.