तांबेऱ्याचे वंश आणि आपले गहू-जवस

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत उतेऱ्याने (उभ्या धानात बी फेकून) पेरलेल्या जवसावर नारिंगी पुळ्या दिसल्या, की हा तांबेरा शेजारच्या गव्हावर जाईल, अशी भीती पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशींतूनच अन्न घेते, त्यामुळे तिचा प्रत्येक प्रकार ठरावीक पिकाशी बांधला गेलेला असतो. गव्हाचा, ओटचा आणि राय (rye) या तृणधान्याचा काळा तांबेरा डोळ्यांना सारखाच दिसतो. पण गव्हावरचा ओटवर रुजत नाही, हे स्वीडनच्या एरिकसन यांनी 1894 मध्येच दाखवले होते.

ही निवड पिकाच्या वाणापर्यंत पोहोचते. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटात हॅरोल्ड फ्लोर यांनी 1940च्या दशकात जवसावरच काम करून सिद्ध केले, की वाणातील प्रत्येक प्रतिकारक जनुकाला बुरशीत एक जोडीचे जनुक असते. बुरशीचे ते जनुक बदलले, की झाडाला शत्रू ओळखता येत नाही आणि काल टिकलेला वाण आज बळी पडतो. फ्लोर यांना बुरशीच्या वंशांचा, म्हणजे वेगवेगळ्या वाणांवर पडणाऱ्या तिच्या उपप्रकारांचा, संकर करता आला, कारण जवसाचा तांबेरा आपले सगळे जीवनचक्र, लैंगिक अवस्थेसह, जवसावरच पूर्ण करतो.

गव्हाच्या काळ्या तांबेऱ्याला मात्र लैंगिक अवस्थेसाठी दारुहळदीच्या कुळातील झुडूप लागते. आपल्या देशात या झुडपाचा रोगाच्या प्रसारात वाटा नाही. उन्हाळ्यात बुरशी निलगिरी-पळणीच्या थंड डोंगरांत गव्हावर तग धरते आणि तिथून वाऱ्या-पावसाबरोबर मध्य भारतात उतरते, हे आग्र्याच्या प्रा. के. सी. मेहता यांच्या दीर्घ संशोधनातून उलगडले. लैंगिक अवस्थेतली जनुकांची सरमिसळ अशी टळली, तरीही नवे वंश निघतातच, कारण एकेका पुळीतून हजारो बीजाणू (बुरशीचे सूक्ष्म बी) उडतात आणि त्यांत एखादा आपोआप बदललेला असतो. गावभर एकाच वाणाचा गहू असेल, तर त्या एकाला सगळे शिवार मोकळे मिळते. माझ्या मते खरा धोका इथे आहे, आणि एका गावात निरनिराळ्या प्रतिकारक जनुकांचे दोन-तीन वाण पेरणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

प्रतिकारक म्हणून घेतलेल्या वाणावर पुळ्या दिसल्या, तर फवारणीपूर्वी काही पाने सावलीत वाळवून कागदी पाकिटात घाला, त्यावर वाणाचे व गावाचे नाव लिहा आणि ती कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे पोहोचवा. प्लास्टिकच्या पिशवीत पाने कुजतात. ज्ञात जनुकांच्या वाणांच्या रोपांवर ते बीजाणू टाकून कोणती रोपे बळी पडतात हे पाहिले, की आलेला वंश कोणता ते कळते.