वेळ लिहा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला एका वहीची गोष्ट सांगणार आहे. दोनशे पानी, आडव्या रेघांची, कुठल्याही दुकानात मिळते तशी वही. आमच्या दहावीच्या वर्गातली एक मैत्रीण साताऱ्याला पोस्टात नोकरी करते, तिची. २०२१ च्या एप्रिल आणि मे महिन्यात ती वही भरली.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला तो एप्रिल आपण सगळ्यांनी काढलाय. बोटाला ऑक्सिमीटर लावून आकड्याकडे बघत बसणं, तो ९४ च्या खाली गेला की पोटात गोळा येणं, हे तुम्हाला मी सांगायला नको. तारखा मात्र सांगतो, कारण तारखा आपण लवकर विसरतो. १४ एप्रिलला रात्री ८ पासून राज्यात संचारबंदी लागली. १८ एप्रिलला एकट्या महाराष्ट्रात, एका दिवसात, ६८ हजारांहून जास्त नवे रुग्ण. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली, किमान २२ माणसं गेली. २३ ला पहाटे विरारच्या एका रुग्णालयात आयसीयूला आग लागली. आणि महिना संपता संपता देशाचा दिवसाचा आकडा ४ लाखांच्या वर गेला.

या सगळ्यात आमचा दहावीच्या वर्गाचा व्हॉट्सअॅप ग्रुप होता. असा ग्रुप तुमचाही असेल. आमची शाळा कराडची. मुलं-मुली मिळून ६३ जण. कुणी पुण्यात, कुणी दुबईत, एक अमेरिकेत न्यू जर्सीला, मी इथे सांगलीत. सकाळी फुलांचे फोटो, वाढदिवस, जुन्या सरांच्या आठवणी, एवढंच चालायचं. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला फूल पाठवणारी एक मैत्रीण होती. जास्वंद, मोगरा, कधी नुसतं अंगणातलं गवतफूल. स्वतः काढलेला फोटो असायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या फुलांच्या खाली पहिला मेसेज आला, ‘बेड पाहिजे, अर्जंट.’ मग दुसरा. मग रात्रंदिवस तेच. कुणीतरी कुठूनतरी आलेली यादी पुढे ढकलायचा. पन्नास नंबर, पन्नास हॉस्पिटलं. ज्याच्या घरात माणूस धापा टाकतोय तो बिचारा पन्नास फोन लावायचा. त्यातले निम्मे बंद, बाकीचे म्हणायचे, अहो, ही यादी चार दिवसांपूर्वीची आहे.

तिसऱ्या दिवशी पोस्टातल्या मैत्रिणीनं ग्रुपवर लिहिलं, ‘आजपासून कुणीही यादी टाकायची नाही. आधी स्वतः फोन करायचा. काय उत्तर मिळालं ते लिहायचं. किती वाजता मिळालं ते लिहायचं. मगच टाकायचं.’

श्रोतेहो, मला आज तुम्हाला एवढंच सांगायचंय. आधी फोन करा, वेळ लिहा, मग पुढे पाठवा. पुन्हा सांगतो. आधी फोन करा, वेळ लिहा, मग पुढे पाठवा. आम्ही रेडिओवरची माणसं दर थोड्या वेळानं किती वाजले ते सांगतो, ते काही उगाच नाही. वेळ नसलेली बातमी ही शिळ्या भाकरीसारखी. दिसायला भाकरीच, पण कधीची आहे कुणास ठाऊक.

तिच्या वहीत नोंदी अशा असायच्या. ‘स. ९.१०. फोन केला. बेड नाही. दुपारी दोनला डिस्चार्ज आहे, तेव्हा विचारा.’ खाली, ‘दु. २.०५. एक बेड. ऑक्सिजनचा. पाठवलं.’ आणि मग त्या ओळीवर आडवी रेघ. मिळालं की रेघ. ग्रुपवरही तिनं सगळ्यांना सवय लावली, ज्याचं काम झालं त्यानं लगेच लिहायचं, ‘मिळालं, आता शोधू नका.’ तेवढ्या एका ओळीनं दहा जणांची धावपळ वाचायची.

दुसरा नियम पत्त्याचा. पोस्टातली माणसं पत्त्याला किती जपतात, ते मला तेव्हा कळलं. एकदा एकानं इंग्रजी अक्षरात लिहिलं, वाठारला सिलिंडर हवाय. गाडी निघाली कोरेगाव तालुक्यातल्या वाठार स्टेशनला, आणि पेशंट होता कराड तालुक्यातल्या वाठारला. कोल्हापुरात पेठ वडगावजवळ आणखी एक वाठार आहेच. दोन तास गेले. तेव्हापासून गावाबरोबर तालुका लिहायचा आणि देवनागरीत लिहायचं. माझं तर स्पष्ट मत आहे, मराठी माणसानं फोनवरसुद्धा मराठी देवनागरीतच लिहावं. शिकायला एक दुपार पुरते. आणि शाळेत पत्र लिहायला शिकवतात तसा पत्ता लिहायला आणि सांगायलाही शिकवावा, अगदी तोंडी परीक्षा घेऊन. असो.

आता त्या रात्रीची गोष्ट.

२४ एप्रिल, शनिवार. कळंबोलीहून विशाखापट्टणमला गेलेली ऑक्सिजन एक्स्प्रेस त्याच दिवशी टँकर घेऊन नाशिकला पोचली होती, टीव्हीवर तेच दाखवत होते. रात्री साडेदहाला आमच्या वर्गातल्या कराडच्या मित्राचा मेसेज आला. ‘अण्णांचा ८२ झालाय.’

अण्णा म्हणजे त्याचे वडील. वय ७६. शाळेत असताना आम्ही डब्यातलं संपवून त्यांच्या घरी दुपारी ताक प्यायला जायचो. कराडात बेड नव्हता. डॉक्टर व्हिडिओवर बघून म्हणाले, मिळेपर्यंत पालथं झोपवा. मानेखाली एक उशी, छातीखाली एक, मांड्यांखाली एक. तसं झोपवलं. आकडा ८६ वर चढला, तिथेच अडकला. पलीकडच्या गल्लीतल्या गणेश मंडळाकडे एक जंबो सिलिंडर भरलेला होता. चार पोरांनी तो उचलून घरात आणला, कोपऱ्यात दोरीनं खिडकीच्या गजाला बांधला. आणि मग लक्षात आलं, मीटर नाही.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी दोन वाक्यं. सिलिंडरमध्ये वायू प्रचंड दाबानं भरलेला असतो, तो थेट नाकाला देता येत नाही. मध्ये रेग्युलेटर जोडलेला फ्लोमीटर लागतो. रेग्युलेटर दाब कमी करतो, मीटरच्या काचेच्या नळीत एक छोटी गोळी तरंगते, मिनिटाला किती लिटर जातंय ते ती दाखवते, आणि खालच्या बाटलीतल्या पाण्यातून वायू ओला होऊन नळीत येतो. जंबोत ७ हजार लिटर असतात. मिनिटाला ५ लिटर दिला तर जवळजवळ एक दिवस पुरतो. म्हणजे एका आख्ख्या दिवसाचा श्वास खिडकीशी बांधून ठेवलेला, आणि मध्ये पितळेचा एक मूठभर डबा नाही म्हणून तो अण्णांपर्यंत पोचत नाही. त्या दिवसांत सिलिंडरबरोबर मीटरचीही टंचाई होती. मंडळाचा एकुलता एक मीटर दुसऱ्या घरी लागलेला होता, तो काढायचा कसा?

ग्रुपवर सगळे जागे. न्यू जर्सीचा मित्र म्हणाला, इथं माझी दुपार चाललीय, बेडचे फोन मी लावतो, तुम्ही मीटरचं बघा. मेडिकलवाला मित्र शटर वर करून नवी नळी काढून बसला. मी सांगलीत सहा ठिकाणी विचारलं, नाही, नाही, नाही. अकरा वाजले.

आणि साताऱ्यात पोस्टातल्या मैत्रिणीपुढे वही उघडी होती. त्यात एक ओळ होती कोरेगावची. एका घरानं तीन दिवसांपूर्वी बेड मागितला होता. मीटर त्यांनी स्वतः विकत आणला होता, हे तिनं लिहून ठेवलं होतं. आणि त्या शनिवारी संध्याकाळी, बेड मिळाला का म्हणून तिनं फोन केला तेव्हा जे कळलं, तेही लिहिलं होतं. ‘गेले. सा. ६.’

तिनं मला फोन केला. ‘अरे, माणूस जाऊन पाच तास झालेत. मी कुठल्या तोंडानं मीटर मागू?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी गप्प राहिलो. मग तीच म्हणाली, ‘ठेव फोन. मी विचारते.’

पहिल्याच रिंगला मुलानं फोन उचलला. तो नुकताच स्मशानातून आला होता, अंघोळ करून ओट्यावर बसला होता. ती अडखळत बोलायला लागली, ‘दादा, माफ करा, या वेळी...’ आणि त्यानं मध्येच विचारलं, ‘कुणाला लागलाय?’ तिनं सांगितलं. तो म्हणाला, ‘घेऊन जा ताई. थांबा, बाटली धुऊन ठेवतो.’

बाटली धुऊन ठेवतो. श्रोतेहो, एवढी वर्षं झाली, मी ते वाक्य विसरू शकलेलो नाही. वडिलांच्या शेवटच्या श्वासाचं पाणी त्या बाटलीत होतं.

गाडीही त्यानंच शोधली. शेजारच्यांचा मेथी-कोथिंबिरीचा टेम्पो पहाटेच्या बाजाराला कराडला निघणार होता. भाजीला परवानगी होती. त्यानं मीटर टॉवेलात गुंडाळला, टॉवेल पिशवीत, पिशवी ड्रायव्हरच्या सीटमागं. रहिमतपूर, मसूर, कराड. मसूरच्या पुढं पोलिसांनी अडवलं. ड्रायव्हरनं पिशवी उघडून दाखवली. हवालदारानं बॅटरीच्या उजेडात ती पाहिली आणि स्वतः पुढच्या नाक्याला फोन करून सांगितलं, टेम्पो थांबवू नका.

तीन वाजून वीस मिनिटांनी ग्रुपवर एक व्हिडिओ आला. अकरा सेकंदांचा. त्यात माणूस नव्हता, आवाज नव्हता. नुसती बाटली, उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत भरलेलं, आणि त्यातून वर येणारे बुडबुडे. आम्ही सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. न्यू जर्सीत तेव्हा संध्याकाळचे सहा वाजायला आले होते. तो सुद्धा म्हणे ऑफिसच्या टेबलावर डोकं ठेवून रडला.

सोमवारी अण्णांना इस्लामपूरला बेड मिळाला. न्यू जर्सीवाल्याच्या एकेचाळिसाव्या फोनला. एकोणीस दिवसांनी ते घरी आले. मीटर मात्र त्यांच्या आधीच पुढच्या घरी गेला होता. मलकापूर, ओगलेवाडी, उंब्रज. प्रत्येक घरानं त्याला चिकटपट्टीचा तुकडा लावून गावाचं नाव आणि तारीख लिहिली. मे अखेर मी तो पाहिला तेव्हा त्यावर नऊ नावं होती. शेवटची दोन बॉलपेनची, घामानं पुसट झालेली.

बाकीचं थोडक्यात. त्या काळात मदत मागणाऱ्यांवर अफवा पसरवल्याचा ठपका येईल की काय, अशी भीती अनेकांना होती. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं बजावलं की, समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांची गळचेपी केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू. आमच्या ग्रुपवर ती बातमी आली तेव्हा अनेकांनी हात जोडले. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातल्या प्लाझ्मासाठी आम्ही किती रात्री घालवल्या त्याला गणती नाही, आणि १७ मे ला आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, प्लाझ्मा उपचारांच्या यादीतूनच काढून टाकला. त्या रात्रींचं मला वाईट वाटतं. देणारे मात्र स्वतः नुकते आजारातून उठलेले असताना पन्नास-पन्नास किलोमीटर जाऊन देऊन आले, ते मी विसरणार नाही. आणि आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्याचं काम करणाऱ्या आशा स्वयंसेविका. कुठल्याही ग्रुपवर नव्हत्या त्या, घरोघर उन्हात फिरत होत्या. त्यांना आपण जे मानधन देतो ते तुटपुंजं आहे, हे मी याच माईकवरून पूर्वीही बोललोय आणि पुढेही बोलत राहीन.

सगळेच वाचले नाहीत. आमच्या ६३ जणांतले दोघं त्या मे महिन्यात गेले. त्यातली एक रोज सकाळी फूल पाठवणारी. तिच्यासाठी आम्ही दोन दिवस बेड शोधला, मिळालाही, पण उशीर झाला होता. त्यानंतर ग्रुपवर सकाळी सहाला कुणीच काही टाकत नाही. ठरवलेलं नाही, पण टाकत नाही.

त्या दिवाळीनंतर आम्ही पहिल्यांदा शाळेच्या पटांगणात भेटलो. अण्णा काठी टेकत आले, सगळ्यांना ताक घेऊन आले. पोस्टातल्या मैत्रिणीनं पिशवीतून वही काढली. जो तो आपलं पान शोधायला लागला. कोरेगावचं पान मी काढलं. सगळीकडे आडव्या रेघा होत्या, या पानावर रेघ नव्हती. एकाखाली एक तीन ओळी, एकाच निळ्या शाईत.

‘गेले. सा. ६.’

‘रा. ११.३५. फोन केला. देतो म्हणाले.’

‘प. ३.२०. पोचलं. बुडबुडे आले.’