किटणाच्या एका कणातून काय कळतं?

मंडळी, 'दात किडला' म्हणताना आपण नकळत दातात एक किडा बसवतो. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन तो किडा पाडायचा, हा उपाय आपल्याकडच्या आज्यांना ठाऊक होता. किडा तिथे नसतो, पण जीव असतात. 1683 मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या ल्यूवेनहूक या भिंगं घडवणाऱ्याने स्वतःच्या दातांवरचं किटण पाण्यात कालवून भिंगाखाली धरलं, तेव्हा त्याला ते वळवळताना दिसले. ते दाताचं नुकसान कसं करतात, हे नीट मांडायला मात्र 1890 साल उजाडलं. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने दाखवलं, की जंतू आपण खाल्लेली साखर आणि पिष्ट खातात, आम्ल सोडतात, आणि त्या आम्लात दातातलं खनिज विरघळतं. किटणाचा पीएच, म्हणजे आंबटपणा सांगणारा आकडा (जितका कमी तितकं आंबट), साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरचं कवच झिजू लागतं.

1924 मध्ये लंडनला क्लार्क या संशोधकाने किडलेल्या दातांतून एक जंतू वेगळा केला. गोल असायचा तो कधी लांबट दिसे, म्हणून नाव पडलं स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स; म्युटन्स म्हणजे बदलणारा. साखरेपासून तो आम्ल तर करतोच, शिवाय एक चिकट गोंदही करतो आणि त्याच्या जोरावर दाताला धरून बसतो.

तो किती आहे, हे मोजायचं कसं? आमच्या प्रयोगशाळेत दाढांवरचं थोडं किटण खरवडून एक मिलिलिटर द्रावात टाकतो आणि नळी जोरात घुसळतो. हे घुसळणं फार महत्त्वाचं, कारण जंतूंचे पुंजके सुटले नाहीत तर सगळी मोजणी खोटी ठरते. मग दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत जायचं आणि त्यातला 0.1 मिलिलिटर बशीतल्या माध्यमावर, म्हणजे जंतू वाढवायच्या खाद्यावर, पसरायचा. या माध्यमात 20 टक्के साखर असते आणि बॅसिट्रॅसिन नावाचं प्रतिजैविक. तोंडातले इतर बहुतेक जंतू त्याने अडतात, म्युटन्स तगतो. बशा बरणीत ठेवून आत मेणबत्ती लावायची, झाकण घट्ट करायचं. मेणबत्ती विझते, प्राणवायू कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो. 37 अंशांवर दोन दिवस ठेवलं, की खरखरीत, उंचवटलेल्या, निळसर वसाहती, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले ठिपके, दिसतात. सुईने उचलायला गेलं तर त्या माध्यमाला घट्ट चिकटलेल्या असतात. दाताला तो कसा धरून बसतो, हे मला त्या क्षणी हाताला जाणवतं.

समजा, हजारपट पातळ केलेल्या बशीवर 40 वसाहती आल्या. 0.1 मिलिलिटर घेतला होता म्हणून दहाने गुणा, मग हजाराने. मूळ द्रावाच्या एका मिलिलिटरमध्ये चार लाख.

पण चार लाख म्हणजे दात किडणारच का? नाही. आणि हे मी आग्रहाने सांगतो, कारण अहवालावरचा आकडा पाहून आईबाप घाबरतात. 1994 मध्ये फिलिप मार्श या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मांडलं, की दोष एकट्या जंतूचा नसतो; वारंवार साखर मिळून किटण सतत आंबट राहिलं, की आम्ल सोसणाऱ्यांचीच वस्ती वाढते. म्हणून आम्ही लाळही मोजतो. पाच मिनिटं मेण चघळायला देऊन लाळ मापात घेतो, मिनिटाला 0.7 मिलिलिटरपेक्षा कमी आली, तर मला जंतूंच्या आकड्याची जास्त काळजी वाटते. आधी किडलेले दात किती, हा तर भविष्याचा सगळ्यांत भरवशाचा एकेरी निर्देशक आहे. त्यापुढे आमची बशी दुबळी पडते, हे मान्य करायला हवं.

मग मोजायचं कशाला? ज्या बाळाला नुकते दात आले आहेत, त्याच्यापाशी आधीची कीड नसते. आणि हा जंतू पुष्कळदा आईच्या लाळेतूनच येतो: चमचा आधी स्वतःच्या तोंडात घालून मग बाळाला भरवला, की पोहोचला. आईचा आकडा मोठा असेल, तर बाळाला दात येण्याआधीच तिच्या दातांवर उपचार करता येतात. माझ्या मते या चाचणीचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच.

नमुना द्यायला याल तेव्हा एवढं करा: त्या सकाळी ब्रश करू नका, जंतुनाशक गुळण्याही नकोत, आणि नुकतीच प्रतिजैविकं घेतली असतील तर आधीच सांगा. आपण तारीख पुढे ढकलू.