हृदयाच्या ऑपरेशननंतर मूल मोठं होतं तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

जन्मतः हृदयात दोष असलेल्या मुलाचं ऑपरेशन यशस्वी झालं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पहिली काही वर्षं तपासण्या वेळेवर होतात. पुढे मूल शाळेत रमतं, फुटबॉल खेळतं आणि काणकोणहून किंवा डिचोलीहून बांबोळीच्या इस्पितळात खेप घालायचं राहून जातं. ते राहू देऊ नका.

हृदयाच्या पडद्यातलं साधं छिद्र वेळेत आणि पूर्ण बुजवलं असेल, फुप्फुसांतला दाब वाढलेला नसेल, तर बहुतेक मुलांचं पुढचं आयुष्य चारचौघांसारखंच जातं.

'टेट्रालॉजी ऑफ फॅलो'चं मात्र तसं नाही. या दोषात बाळ निळं पडतं. ऑपरेशनमध्ये छिद्र बंद करतात आणि फुप्फुसाकडे जाणारी अरुंद वाट रुंद करतात. वाट रुंद करताना तिथली झडप बऱ्याचदा निकामी होते. मग प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त मागे येतं आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं ताणला जातो. गंमत नव्हे, धोका इथेच आहे: मुलाला काहीच जाणवत नाही. दम लागेपर्यंत थांबलं, तर नवी झडप बसवूनही कप्पा पूर्ववत होईलच असं नाही. नुसत्या इकोत उजव्या कप्प्याचं माप नीट मिळत नाही. त्यासाठी हृदयाचा एमआरआय लागतो. ईसीजीही दरवेळी काढावा. त्यातला क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश पसरायला लागणारा वेळ, १८० मिलिसेकंदांच्या पुढे गेला, तर ठोक्यांच्या घातक गडबडीचा धोका वाढतो. धडधड होऊन चक्कर आली, खेळताना शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

महाधमनीचा अरुंद भाग दुरुस्त केलेल्या मुलांचा रक्तदाब आयुष्यभर मोजायचा, आणि तो उजव्या दंडावर. डाव्या हाताची रक्तवाहिनी काही वेळा दुरुस्तीतच वापरलेली असते, तिथला आकडा फसवतो. पायाचा दाबही मोजून घ्या. हातापेक्षा तो २० किंवा अधिक अंकांनी कमी आला, तर धमनी पुन्हा आवळत असण्याची शंका घ्यावी.

धातूची झडप असेल, तर वॉरफरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारं औषध, जन्मभराचं. आपल्याकडे श्रावणात मासे बंद होतात, पानात तांबडी भाजी, टाकळा रोज येऊ लागतो. पालेभाज्यांतलं 'के' जीवनसत्त्व वॉरफरिनचा जोर कमी करतं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) खाली येतो आणि झडपेवर गुठळी धरू शकते. भाजी सोडू नका, वर्षभर साधारण तेवढीच खा. आहार बदलला की आयएनआर तपासा. वॉरफरिन घेणाऱ्या मुलीने गर्भधारणेचा विचार करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण पहिल्या तीन महिन्यांत हे औषध गर्भाला अपाय करू शकतं.

कृत्रिम झडप असलेल्यांनी दात काढण्याआधी दंतवैद्याला ऑपरेशनचं सांगायलाच हवं. जंतू रक्तातून झडपेवर बसू नयेत म्हणून अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात. रोज दोनदा दात घासणंही तितकंच मोलाचं.

आणि कागद जपा. डिस्चार्ज कार्डापुरतं थांबू नका, ऑपरेशनची सविस्तर नोंद मागून घ्या: छिद्रावर कोणता पॅच (ठिगळ), कोणती झडप, किती मापाची. आपल्या पावसाळ्यात फाइलला बुरशी धरते, तेव्हा प्रत्येक पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि मूल कॉलेजला जाऊ लागलं की त्याच्याही मोबाइलमध्ये.