ठाण्यात गप्प राहता येतं, भाऊ

हा आपल्या नागपूरचा संविधान चौक. बाबासाहेबांचा पुतळा, बाजूला रिझर्व्ह बँक, सिग्नलला खोळंबलेल्या गाड्या. रोज इथूनच जातो आपण, पण संविधानाचं कलम २०(३) विचारलं तर दहातले नऊ जण मान खाजवतील. आरोपीला स्वतःच्याच विरोधात साक्षीदार व्हायची जबरदस्ती करता येत नाही, बस, एवढं एकच वाक्य आहे ते.

आता सिव्हिल लाइन्स, जिल्हा कोर्ट. या काकांची बोटं बघा, जामीन अर्ज टाइप करून राहिले, 'खोट्या गुन्ह्यात गोवण्यात आले आहे' ही ओळ तर न बघताच येते त्यांना.

या कलमाची गोष्ट मात्र कटकची आहे. १९७७ मध्ये ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथींना व्हिजिलन्सच्या, म्हणजे भ्रष्टाचाराचा तपास करणाऱ्या विभागाच्या, पोलीस ठाण्यात बोलावलं, हातात लेखी प्रश्नांची भलीमोठी यादी ठेवली, आणि बाईंनी उत्तरं द्यायला सरळ नकार दिला. मग उत्तर देत नाही म्हणून त्यांच्यावरच केस! प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलं की हा हक्क कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर सुरू होत नाही, ठाण्यातल्या चौकशीपासूनच असतो, आणि जबरदस्ती म्हणजे फक्त पट्टा नाही, धाक दाखवणं, तेच तेच विचारून माणूस थकवणं हेही त्यातच आलं. २०१० मध्ये तर संमतीशिवाय नार्को टेस्टही, म्हणजे औषध देऊन माणसाला बोलतं करणं, बंद झाली.

सगळंच नाकारता येतं असं नाही हं. हे अंगठ्याचे ठसे दिसतात ना, ते द्यावे लागतात, १९६१ मध्येच सुप्रीम कोर्टाच्या अकरा न्यायमूर्तींनी सांगून टाकलंय. ज्या उत्तरानं आपणच गुन्ह्यात अडकू ते द्यायचं नाही, बाकी खरं सांगायचं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात पुरावा होत नाही (संघटित गुन्हेगारीविरोधातल्या मकोकासारखे कायदे सोडून), पण तुम्ही सांगितल्यावरून चाकू सापडला की तेवढं बोलणं धरतात. आणि तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही घ्यायचीच नसते, जुन्या कायद्यातही नव्हती, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्यातही नाही, फक्त कलमांचे नंबर बदलले.

हे वर्धा रोडवरचं सेंट्रल जेल. जामीन नाही झाला तर मुक्काम इथे, निकाल लागायच्या आधीच.

आणि हा बोर्ड, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नंबर १५१००, घरच्यांनीही लावला तरी चालतो.